शेवटची ओळ आपल्या लिपीत

शनिवारची सकाळ. टाइन नदी समुद्राला मिळते त्या साउथ शील्ड्स गावात आई एका दगडासमोर थांबली आहे आणि हलायला तयार नाही.

तुमचं सगळं गणित लवकर निघण्याचं होतं. ऑगस्टचा शेवटचा सोमवार म्हणजे इंग्लंडातली बँक हॉलिडे. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस हाती लागतात आणि निम्मा देश रस्त्यावर येतो. मागच्या सीटवर दशम्यांचा डबा आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, आणि तुमचा घसा धरलाय म्हणून आईने पहाटे उठून केलेला काढा थर्मासमध्ये आहे. त्यात आलं आणि चार मिरे ठेचून. पण 'आर्बिया' या रोमन किल्ल्याच्या लहानशा संग्रहालयात तिने पर्समधून वही काढली आहे. साताऱ्याहून निघाल्यापासून ती या वहीत रोज लिहिते. बसभाडं, चहाचे पैसे, पाहिलेल्या जागांची नावं.

"हिच्या पायाशी लोकरीचे गुंडे आहेत बघ," ती म्हणते.

आहेत खरे. वेताच्या खुर्चीत बसलेली एक बाई, मांडीवर टकळी, एका अंगाला लोकरीची टोपली, दुसऱ्या अंगाला दागिन्यांची पेटी. चेहरा मात्र उडालेला. हिचं नाव रेजिना. लंडनच्या उत्तरेला राहणाऱ्या कॅटुव्हेलौनी टोळीतली ही बाई आधी गुलाम होती. मग धन्याने तिला मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं. तिसाव्या वर्षी ती गेली. नवऱ्याचं नाव बाराटेस, गाव पाल्मायरा. म्हणजे सीरियाच्या वाळवंटातलं, खजुरांच्या बनातलं शहर.

तुम्ही दगडाच्या तळाशी वाकून बघता आणि काच नाहीशी होते.

दुसरं शतक सरत आलं आहे. तुम्ही पाथरवटाच्या छपरात पाणी मारायला ठेवलेलं पोर आहात. छिन्नी तापली की ओलं फडकं पुढे करायचं, एवढंच काम. वरचा लॅटिन मजकूर कोरून झाला आहे. अक्षरं ओबडधोबड, व्याकरणात चुका. बाराटेसला त्याचं काही वाटत नाही, ती सरकारी भाषा आहे, चालायचंच. पण त्याने खाली जागा सोडायला लावली होती. त्या जागेत आता उजवीकडून डावीकडे एक ओळ उमटते आहे. तिचे वळसे सफाईदार आहेत, हात कुठे अडखळत नाही. या गावात ती वाचू शकतील अशी माणसं किती असतील? तरी तो ती कोरून घेतो आहे. बायकोचं नाव, आपलं नाव, आपण तिला मुक्त केल्याचा उल्लेख, आणि शेवटी एक शब्द, ज्याचा अर्थ आपल्या 'हाय' या शब्दाजवळ जातो. वरच्या लॅटिनमध्ये वय आहे, जात आहे, नातं आहे. हाय फक्त खाली आहे.

"चल," आई वही मिटते. "उशीर होतोय म्हणत होतास ना?"

न्यूकॅसलमधून बाहेर पडायला वेस्टगेट रोड धरायचा. दोन्ही बाजूंना दुकानं, केशकर्तनालयं, किराणा, आणि चाकांखाली हेड्रियनची भिंत. इसवी सन 122 मध्ये सम्राट हेड्रियन ब्रिटनमध्ये आला आणि त्याच सुमारास या भिंतीचं काम निघालं. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिमेच्या खाडीपर्यंत 80 रोमन मैल, आजच्या हिशोबाने सुमारे 117 किलोमीटर. तीन लीजन कामाला लागले. दर मैलाला एक चौकी, दोन चौक्यांमध्ये दोन बुरूज, उत्तरेला खंदक. कोणत्या तुकडीने किती लांबी बांधली त्याचे दगड कोरून भिंतीत बसवले. सज्जनगडापासून रायरेश्वरापर्यंत डोंगर जसा आपोआप तट होतो तसा इथे होत नाही. इथला प्रदेश लोळणारा, हिरवा, आडवा. तट माणसालाच उभा करावा लागला.

हेडन गावात भिंतीचा एक तुकडा गवतात उघडा आहे, तीन मीटर रुंद. त्यानंतर बी-6318 हा रस्ता सुरू होतो आणि इथून खरी सहल सुरू होते. ओढून धरलेल्या दोरीसारखा सरळ रस्ता. टेकडी आली तरी वळत नाही, चढतो आणि पलीकडे उतरतो. चढाच्या माथ्यावर क्षणभर पुढे नुसतं आभाळ दिसतं. शेतांतून गवताच्या गुंडाळ्या पडल्या आहेत. शेतांच्या कडेने चुनामातीविना रचलेले दगडी गडगे चालले आहेत. कोकणातल्या गडग्यांसारखेच, फक्त जांभ्याऐवजी करडा दगड. मेंढ्यांची तोंडं काळी. दूरच्या माळावर हेदरचा जांभळा रंग चढला आहे. ऑगस्टच्या अखेरीस तो भरात असतो, आणि आईला तो कासच्या पठारासारखा वाटतो.

रस्ता इतका सरळ का, ते बघायला गाडी कडेला घ्या. इंजिन बंद करा.

नोव्हेंबर 1745. बर्फ पडतं आहे. राजगादीचा दावेदार चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट स्कॉटलंडची फौज घेऊन पश्चिमेकडून उतरला आहे आणि कार्लाइलला वेढा पडला आहे. सरकारी सेनापती जॉर्ज वेड न्यूकॅसलला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. तुम्ही त्याच्या फौजेत आहात. पायांत ओले बूट, समोर चिखलाची पायवाट, तोफांची चाकं आसापर्यंत रुतलेली. तुम्ही जेमतेम हेक्सहॅमपर्यंत पोचता, तर कार्लाइल पडल्याची बातमी येते. फौज मागे फिरते. पूर्वेकडून पश्चिमेला तोफ नेता येईल असा रस्ताच नाही, हे त्या बर्फात लंडनच्या राज्यकर्त्यांच्या ध्यानात आलं.

1751 मध्ये पार्लमेंटने कायदा केला. वेड तोवर वारला होता, पण रस्त्याला लोक त्याचंच नाव लावतात. आता तुम्ही मजूर आहात. हातात घण. सरळ आखलेली, टणक पायाची, दगडांनी भरलेली एक रेघ देशाच्या आरपार आयती पडली आहे. दगड दुसरीकडून कशाला आणायचा? तुम्ही भिंतीचे वरचे थर उतरवता, घडीव चिरे फोडता, खडी करता, खाली अंथरता. एका चिऱ्यावर अक्षरं आहेत. कुठल्या शतकातल्या कुठल्या तुकडीने हा भाग बांधला ते त्यावर लिहिलेलं असेल. तुम्हाला वाचता येत नाही. मुकादम ओरडतो. घण पडतो.

मला हा भाग दरवेळी जड जातो. हेडनपासून मैलच्या मैल आपण भिंतीवरूनच गाडी चालवतो. ती अजून खाली आहे, चुरा होऊन.

पुढे प्लेनट्रीज म्हणून एक जागा आहे, चटकन निसटते, फलक छोटा. 1801 मध्ये विल्यम हटन नावाचे 78 वर्षांचे गृहस्थ बर्मिंगहॅमहून पायी इथे आले. नुसती भिंत बघायला. येऊन पाहतात तो काय, शेताचा मालक घर बांधायला भिंत पाडतो आहे. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने विनवण्या केल्या. गवतात आज जो थोडा तुकडा उभा आहे तो त्या रडण्यामुळे वाचला, असं इथे सांगतात. आई त्याच्या वयाचा आकडा वहीत लिहून घेते. हटन सगळी भिंत पायी फिरले आणि परतही पायीच गेले, एकूण सुमारे 600 मैल. पुढे 1834 पासून जॉन क्लेटन या न्यूकॅसलच्या वकिलाने भिंतीलगतच्या जमिनी एकामागून एक विकत घेतल्या. आज सलग भिंत दिसते ती बरीचशी त्याच्या कृपेने.

चेस्टर्सला नदीकाठी त्याचं घर आहे आणि स्पेनहून आलेल्या घोडदळाचं स्नानगृहही. तिथे पार्किंगला जागा नाही. तुम्ही पुढे जाता.

कॅरोबर्गला मात्र जागा असते. रस्त्यापासून पाच मिनिटं उतारावरून चालायचं. खाली पाणथळ गवतात गुडघ्याएवढ्या भिंतींचं एक अरुंद दालन आहे, आपल्याकडच्या वाड्याच्या माजघराएवढं. टोकाला तीन वेद्या आहेत. 1949 च्या कोरड्या उन्हाळ्यात इथली दलदल आटून खाली बसली आणि वेद्यांची डोकी वर आली. आता इथे ठेवल्या आहेत त्या प्रतिकृती, अस्सल न्यूकॅसलच्या संग्रहालयात आहेत. येणारे-जाणारे त्यांच्यावर नाणी ठेवून जातात.

वाका. दार बुटकं आहे.

तिसरं शतक. खिडक्या नाहीत. बाहेर ऑगस्ट असो की जानेवारी, आत कायमची रात्र. दोन्ही बाजूंना ओटे, त्यांवर दाटीने बसलेली माणसं. ऱ्हाइनच्या मुखाजवळच्या सखल मुलखातून आलेले हे बटावी सैनिक. पाइनची बोंडं निखाऱ्यावर टाकली आहेत, राळेचा वास घशात उतरतो. मग कोणीतरी मधल्या दिव्यांवर झाकण घालतं. पूर्ण काळोख. आणि डावीकडच्या वेदीवर एकाएकी सूर्य उगवतो. देवाच्या मस्तकाभोवतीचे किरण दगडातून आरपार कोरले आहेत आणि मागे दिवा ठेवला आहे. किरणांतून उजेड ठिबकतो. बाहेर पाऊस, चिखल, उत्तरेचा वारा. आत, जमिनीखालच्यासारख्या या खोलीत, सूर्य. ज्यांना वर्षाचे सात-आठ महिने तो नीट दिसत नाही त्यांनी तो दगडाला भोकं पाडून करून घेतला आहे.

देवाचं नाव मिथ्रास. रोमनांनी ते इराणच्या मिथ्राकडून घेतलं, आणि इराणचा मिथ्रा म्हणजे आपल्या वेदांतल्या मित्राचा सख्खा भाऊ. तुम्ही हे आईला सांगता. गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत तिने रोज सूर्यनमस्कार घातले आहेत. बारा नावांतलं पहिलं नाव तिला कोणी सांगायला नको. ती वेदीसमोर उभी राहून, ओठ न हलवता म्हणावं तसं, ते म्हणते. मग पर्समधून दहा पेन्सचं नाणं काढून ठेवते. मेंढी ओरडते. तुम्ही दोघं गाडीकडे चढू लागता.

विंडोलँडा हे रोमन ठाणं भिंतीवर नाही. दक्षिणेला, तिच्याआधीच्या रस्त्यावर आहे, आणि भिंतीहून जुनं आहे. सगळी सहल रद्द झाली तरी ही एक जागा चुकवू नका.

साल 100 च्या जवळपास. सप्टेंबर लागला आहे. तुम्ही निरोप्या आहात, घोडं दमलेलं, कमरेच्या थैलीत लाकडाची एक पातळ पट्टी. इथे कागद नाही, पपायरस महाग. बर्च किंवा अल्डरच्या लाकडाची पोस्टकार्डाएवढी पापुद्र्यासारखी फळी काढायची, काजळीच्या शाईने लिहायचं, मधोमध दुमडायचं. थैलीतलं पत्र क्लॉडिया सेव्हेराचं आहे, एका ठाणेदाराच्या बायकोचं. विंडोलँडाच्या ठाणेदाराची बायको सुल्पिसिया लेपिडिना हिला ते द्यायचं. वाड्याच्या दारात ती स्वतः ते हातात घेते. वरचा मजकूर कारकुनी हाताचा, नेटका: 11 सप्टेंबरला माझा वाढदिवस, तू ये, तू आलीस तर दिवस आणखी आनंदाचा होईल. तुम्हाला जाता येत नाही कारण तिने उत्तरासाठी थांबायला सांगितलं आहे. म्हणून तुम्हाला दिसतं की पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात अक्षर बदललं आहे. तिथे वाकडंतिकडं, सवय नसलेल्या हाताचं, चार ओळींचं काहीतरी आहे. सेव्हेराने कारकुनाच्या हातातून बोरू घेतला असावा. ते शब्द तिने कोणाकडून लिहवून घेतले नाहीत. लेपिडिनाचं बोट त्या कोपऱ्यावर थांबतं.

बाईच्या हातचं लॅटिन अक्षर म्हणून जगात जे सगळ्यात जुनं उरलं आहे, त्यात या कोपऱ्याची गणना होते.

105 च्या सुमारास पलटणीला डॅन्यूबकडे कूच करायचा हुकूम आला. जाताना दफ्तर पेटवलं. ते पुरतं जळलं नाही, बहुधा पावसानेच विझवलं. वर नव्या किल्ल्यांचे थर चढले, खालच्या ओल्या मातीत हवा शिरली नाही, आणि लाकूड, चामडं, शाई सगळं टिकलं. 1973 मध्ये रॉबिन बर्ली खोदत असताना लाकडाच्या ढलप्या वाटाव्यात अशा दोन पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या मिळाल्या. उलगडल्या तर आत लिहिलेलं. हवा लागताच ते अक्षर पुसट झालं. मग इन्फ्रारेड छायाचित्रांनी ते परत वर आणलं. त्यानंतर अशा पट्ट्या शेकड्यांनी सापडल्या. शिवाय हजारो जोडे, त्यात मुलांचेही.

आई प्रत्येक काचेपुढे उभी राहते आणि तुम्ही भाषांतर वाचून दाखवता. घोडेस्वारांचा एक नायक वरिष्ठांना कळवतो की माझ्या माणसांना बिअर उरली नाही, पाठवण्याची व्यवस्था करा. आणखी एका पत्रात कोणीतरी कोणाला तरी मोजे पाठवल्याचं लिहितो, शिवाय वहाणांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या. पाठवणाऱ्याचं नाव उरलेलं नाही.

"आईच असणार," आई म्हणते. "उत्तरेला थंडी असते म्हणून कोण काळजी करणार दुसरं?"

तुमच्या पायांत तिनेच विणलेले मोजे आहेत. तुम्ही काही बोलत नाही.

मग हिशोबांची एक पट्टी येते. सैनिकांनी काय घेतलं आणि किती देणं झालं. त्यात टाप्पोचा मुलगा गंबाक्स याच्या नावावर लिहिलं आहे: मिरी, दोन दिनार.

हे वाचून तुम्ही थांबता, कारण मिरी तेव्हा एकाच मुलखातून येत होती. गंबाक्सच्या मुठीतले काळे दाणे मलबारच्या वेलीवर पिकले. मुझिरिस बंदरात जहाजात चढले, परतीच्या वाऱ्यावर तांबड्या समुद्रात शिरले. तिथून उंटावर नाईल, नाईलवरून अलेक्झांड्रिया, मग रोम, मग गॉल, मग ही ओली टेकडी. त्या काळच्या ग्रीक खलाशांच्या वाटाड्या पुस्तकात आपली सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत, पैठण आणि तेर या पेठा आहेत. गंबाक्स मिऱ्याचे पैसे मोजत होता त्याच शतकांत नाणेघाटातून बैलांचे तांडे कोकणात उतरत होते. ज्याला रोमी लोक जगाची शेवटची कड समजत, तिथे एक साधा शिपाई आपल्या डाळीत की मटणात की नुसत्या गरम पाण्यात मिरी ठेचून घालत होता.

आई थर्मासचं झाकण उघडते. संग्रहालयाच्या बाकावर बसून तुम्ही काढा पिता. घशाला बरं वाटतं.

त्या रात्री ट्वाइस ब्रूड नावाच्या जुन्या खाणावळीत मुक्काम. नॉर्थंबरलंडचा हा भाग 2013 पासून काळोखाचं अभयारण्य म्हणून राखला आहे, रस्त्यावर दिवे नाहीत. आभाळ उघडलं तर आकाशगंगा भिंतीच्या कड्यावर टेकलेली दिसते. पश्चिमेला पुढे एका ठाण्यावर सीरियातल्या हामा गावचे धनुर्धारी पहारा देत असत. त्यांच्याकडेही सप्तर्षी हेच होते.

रविवारी सकाळी हाउसस्टेड्स. किल्ला टेकडीच्या उतारावर आहे, आईला चढ लागतो, दोनदा बसायला लागतं. वर पोचल्यावर ती सगळ्यात जास्त वेळ घालवते एका लहानशा शिल्पापाशी: तीन बुटके देव, डोक्यापासून पायापर्यंत खोळ घेतलेले. पावसातले मावळे घोंगडीची खोळ घेऊन बांधावर उभे राहतात ना, अगदी तसे. ज्या देशात जितका पाऊस, तितकं देवाचं पांघरूण जाड.

दक्षिण दरवाजाला टेकून नंतरच्या काळातलं एक घर होतं, त्याचा पाया दिसतो. तिथे थोडं थांबा.

सोळावं शतक, हिवाळ्याची रात्र. रोमनांना जाऊन हजार वर्षं झाली. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधल्या या पट्ट्यात कोणाचंच राज्य धड नाही, म्हणून घराण्यांचं राज्य आहे: आर्मस्ट्राँग, चार्लटन, रॉब्सन. धंदा एकच, शेजाऱ्याची गुरं रात्री हाकून न्यायची. तुमच्या घराच्या भिंती मीटरभर जाड. खाली गुरं, वर माणसं. शिडी वर ओढून घेतली आहे. खालून जनावरांची ऊब आणि शेणाचा वास फळ्यांच्या फटींतून वर येतो. बाहेर कुत्रं भुंकतं आणि मधेच गप्प होतं. तुम्ही श्वास धरून ऐकता. दाराचे दगड रोमन आहेत, उंबरठ्याला गाड्यांच्या चाकांची खाच आहे, पण आज रात्री त्या सगळ्याचा काही उपयोग नाही. टापा. जवळ येतात, दुसऱ्या कोणाच्या तरी दिशेने वळतात. 1603 मध्ये दोन्ही देशांना एकच राजा मिळाला तेव्हा ही लूट मोडून काढली गेली. तोवर तीनशे वर्षं लोक असेच झोपत.

दुपारी सायकामोर गॅप. दोन उतारांमधल्या खळग्यात, भिंतीलगत, एकच झाड उभं असायचं. सव्वाशे-दीडशे वर्षांचं. लोक त्याच्याखाली लग्नाची मागणी घालत, गेलेल्यांच्या अस्थी विसर्जित करत. 27 सप्टेंबर 2023 च्या रात्री वादळात दोन माणसांनी ते करवतीने कापलं. 2025 मध्ये त्यांना प्रत्येकी चार वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. का कापलं, याला पटेल असं उत्तर नाही. झाड 49 फूट उंच होतं म्हणून त्याच्यापासून वाढवलेली 49 रोपं देशभर देण्यासाठी निवडली. बुंध्यालाही 2024 मध्ये कोंब फुटले. कुंपणापलीकडे ते दिसतात, हाताच्या बोटांएवढे. आई गडग्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहते. तिच्या माहेरच्या दारातला आंबा रस्तारुंदीत गेला त्याबद्दल ती बोलते, मी इथे ते लिहीत नाही.

पुढचा प्रवास भरभर होतो. बर्डऑस्वल्डला सलग भिंतीचा सर्वांत लांब उभा भाग आहे, गाडीतूनही दिसतो. लॅनरकॉस्टचा मठ भिंतीच्याच दगडांनी बांधला आहे. रविवारी रात्री कार्लाइल, पाऊस.

सोमवारी सकाळी रस्ता सपाट होतो. टेकड्या संपतात, खाऱ्या दलदलीचा वास येतो. बर्ग बाय सँड्स. इथल्या ठाण्यात तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांची पलटण होती. आणि इथेच, 7 जुलै 1307, दलदलीतल्या छावणीत तुम्ही राजाचे सेवक आहात. पहिला एडवर्ड, स्कॉटलंडचा कर्दनकाळ, आख्खा हिवाळा लॅनरकॉस्टला आजारी पडून होता. आता घोड्यावर बसून निघाला आहे, दिवसाला दोन मैलही होत नाहीत. हगवणीने देह पोखरला आहे. ओहोटी लागली की खाडी ओलांडायची. पलीकडे स्कॉटलंडचा किनारा हाताच्या अंतरावर. सकाळी तुम्ही त्याला दोन्ही काखांत हात घालून उठवता, चार घास भरवायला. इतका उंच माणूस आणि इतका हलका. तुमच्या हातांतच मान कलते. वाडगं तसंच राहतं.

बोनेस-ऑन-सोलवेला भिंत संपते. दिसत काहीच नाही. खाडीचा चिखल चकाकतो. माळावर पिल्लं वाढवून कुरल पक्षी आता किनाऱ्याला उतरले आहेत. त्यांची लांब शीळ. आई चपला काढून वाळूत उभी राहते.

परतताना मोठा रस्ता धरून थेट न्यूकॅसल गाठायचं असतं. सगळा देश परतीला लागला आहे. पण कॉर्ब्रिजला तुम्ही गाडी वळवता. संग्रहालय बंद व्हायला अर्धा तास आहे.

दगड लहान आहे. शिल्प नाही, खुर्ची नाही, लोकर नाही. वरचा कोपरा तुटला आहे, त्यामुळे नावाची पहिली अक्षरं गेली आहेत. पण पाल्मायराचा माणूस, निशाणाशी संबंधित काम करणारा, वय 68. बहुतेक हाच तो, रेजिनाचा बाराटेस. बायकोमागे तो कितीतरी वर्षं या मुलखात राहिला आणि टाइनच्याच काठी, नदीने वर, या बाजारगावात गेला. मजकूर थोडा आणि सगळा लॅटिन.

आई वाकून दगडाच्या तळाशी बघते. शनिवारी तुम्ही बघितलं होतं तसंच.

"खाली त्याची ओळ नाही?"

"नाही."

"लिहिणारं कोणी राहिलं नसेल."

संग्रहालयातली बाई येऊन दिवे मालवायला लागते. आई वही काढते. आजच्या तारखेखाली पेट्रोल, चहा, दोन सँडविच, तिकीट लिहून झालं आहे. त्याखाली ती एक ओळ मोकळी सोडते आणि पेन टेकवून तुमच्याकडे बघते.

"बाराटेस. 'ब'ला काना ना?"